टाकी भरली की गळणारी ॲम्बॅसिडर: बेळगावातलं एक प्रकरण

तक्रार साधी होती. टाकी अर्धी असेपर्यंत गाडी कोरडीठाक. काठोकाठ भरली की दुसऱ्या दिवशी डिकीत पेट्रोलचा वास, मागच्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं धरलेलं आणि टाकीच्या ड्रेन प्लगखाली (टाकी रिकामी करायचं तळाचं बूच) फरशीवर ओला डाग. गाडी १९७२ सालची ॲम्बॅसिडर, मार्क २. म्हैसूर राज्याच्या काळात नोंदलेली. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ च्या नोव्हेंबरात. पहिल्यापासून एकाच घरात. मालक बेळगावातल्याच शहापूरचे निवृत्त हायस्कूल शिक्षक, गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, आम्हीही.

सर आमच्या गॅरेजमध्ये आले तोवर हा ड्रेन प्लग तीन ठिकाणी दुरुस्त होऊन आला होता. एकाने तांब्याचा वॉशर बदलला. दुसऱ्याने आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून प्लग जोर लावून आवळला. तिसऱ्याने प्लगच्या भोवती इपॉक्सी पुट्टीचा जाड थर चढवला, म्हणजे आता प्लग उघडायची सोयही गेली. मधे एकदा संकेश्वरजवळ रस्त्यातच एका ट्रकवाल्याने अंगाच्या साबणाची वडी प्लगभोवती घासून दिली होती. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे वाटेतली वेळ मारून न्यायला तो खरोखर चालतो आणि त्या ट्रकवाल्याला मी नावं ठेवणार नाही. पण या चारही उपायांत एक गोष्ट सारखी होती. थेंब जिथून पडतो तिथूनच पेट्रोल बाहेर येतं, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"मेस्त्री, प्लग बदला म्हणायला आलो नाही," सर म्हणाले. "भरल्यावरच का गळतंय, तेवढं सांगा बघू."

प्रश्न अगदी नेमका होता. प्लग टाकीच्या तळाला असतो. तो गळका असता तर टाकीत पाच लिटर असतानाही गळला असता. वेग कमी झाला असता, थांबला नसता. भरल्यावरच गळतं म्हणजे वाट वर कुठेतरी आहे.

टाकी कशी भरली जाते तेही विचारून घेतलं. सरांची मुलगी कोल्हापूरला दिलेली, त्यामुळे महिन्यातून एखादी फेरी ठरलेली. कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, हे आपल्या सीमाभागात लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी सकाळी इथल्याच पंपावर गळ्यापर्यंत टाकी भरायची, गाडी घरासमोर आणून उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. गाडी दिवसभर उन्हात.

पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला हजारात साधारण एक भाग. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं. गाडीच्या टाकीत पन्नास लिटर भरून ते वीस अंशांनी तापलं तर जवळपास एक लिटर जास्तीचं होतं. टाकीत वर मोकळी जागाच ठेवली नसेल तर हे लिटर फिलर नेकमध्ये, म्हणजे पेट्रोल ओतायच्या नळीत चढतं. आणि नेक टाकीच्या वरच्या पत्र्यापेक्षा उंच असल्यामुळे त्यातल्या स्तंभाचा सगळा दाब टाकीच्या वरच्या जोडांवर येतो. एरवी त्या जोडांना पेट्रोल नुसतं शिंतडतं; असं भरल्यावर ते पेट्रोलमध्ये बुडून राहतात, वर दाबाखाली.

भरीला टोपण. पेट्रोलचोरीच्या भीतीने सरांनी बाजारातून कुलूपवालं टोपण आणून बसवलं होतं. मूळ टोपणाला हवेचं छिद्र असतं, याला नव्हतं. म्हणजे उन्हात तयार होणाऱ्या वाफेलाही बाहेर पडायला वाट नाही.

आधी खडू, मग पाना

काहीही उघडण्याआधी गळती डोळ्यांनी बघायची, हा आमच्याकडचा नियम. पेट्रोलचा माग काढणं अवघड असतं, कारण ते पत्र्यावर पातळ पसरतं आणि वाळून जातं. यासाठी खडूचा जुना उपाय अजून सगळ्यात चांगला. पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवली, ब्रशने टाकीच्या दिसणाऱ्या प्रत्येक जोडावर, प्लगभोवती आणि बाजूच्या पत्र्यावर पातळ हात दिला. स्पिरिट उडून गेलं की कोरडा पांढरा थर उरतो. त्यावर पेट्रोलचा थेंब जरी आला तरी करडा डाग लगेच उठतो आणि डागाची कड पेट्रोल कुठून कुठे गेलं ते दाखवते.

बॅटरीची तार काढली, गाडी मोकळ्या आवारात उभी केली, गाडीखालून काम करायच्या खड्ड्यावर नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती खड्ड्यात जाऊन साचते. हे सगळ्यांना ठाऊक असूनही गळकी टाकी घेऊन गाड्या खड्ड्यावर चढवलेल्या मी बघितल्यात आणि बघून अंगावर काटा येतो. मग टाकी सरांच्या पद्धतीने गळ्यापर्यंत भरली आणि ऊन चढू दिलं.

दुपारी प्लगच्या भोवतीचा खडू ओला होताच. पण त्या डागाला शेपूट होतं. टाकीच्या मागच्या बाजूने बोटभर रुंदीचा करडा ओघळ वर गेला होता, शिवणीच्या कडेवर थोडा आडवा सरकला होता आणि तिथून थेट वरच्या पत्र्यावर, फ्लोटच्या फ्लँजपर्यंत पोचला होता. फ्लोट म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजून डॅशबोर्डच्या काट्याला कळवणारा तरंगता भाग, आणि फ्लँज म्हणजे तो ज्या चकतीने टाकीच्या तोंडावर बसतो ती. तिथे सहा स्क्रू. त्यातल्या दोन स्क्रूंच्या डोक्याभोवती ओल्या बांगड्या उमटलेल्या आणि त्या दोघांच्या मधल्या कडेलाही ओल. प्लगच्या आट्यांतून काहीच येत नव्हतं. वरून निघालेलं पेट्रोल शिवणीवरून घसरत तळाशी सगळ्यात खाली असलेल्या टोकाला जमायचं, आणि ते टोक म्हणजे प्लग.

उघडल्यावर

टाकी रिकामी करून खाली उतरवली. फ्लोट काढल्यावर जे दिसलं त्यात एक कारण नव्हतं, चार होती, एकमेकांवर रचलेली.

पहिलं, गॅस्केट (दोन भागांच्या मधे दाबून बसवायची चकती) कॉर्कचं, दोन्ही बाजूंनी शेलॅक लावून बसवलेलं. शेलॅक म्हणजे लाखच. कित्येक वर्षं गॅरेजमध्ये पेट्रोलच्या जोडांना हाच लेप वापरला गेला आणि तेव्हा तो बरोबरच होता, कारण निव्वळ पेट्रोलला लाख दाद देत नाही. पण ती अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच तर कालवतात. इथेनॉल हे अल्कोहोलच. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात आलं आणि पुढे सगळीकडे तेच मिळू लागलं. आपला बेळगाव जिल्हा उसाचा. इथल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल निघतं. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात ही चांगली गोष्ट आहे, माझा त्याला विरोध नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीच्या जोडांत जे भरलंय ते या पेट्रोलसाठी निवडलेलं नव्हतं. सरांच्या गाडीतलं शेलॅक बोटाला चिकटत होतं, ओल्या गुळासारखं, आणि कॉर्क कडेने भुगा होऊन सुटत होता.

दुसरं, फ्लोटच्या तोंडाभोवतीचा टाकीच्या पत्र्याचा ओठ. प्रत्येक वेळी गळतंय म्हणून स्क्रू आणखी आवळले गेले होते. पत्रा पातळ. स्क्रूपाशी तो वर ओढला गेला, दोन स्क्रूंच्या मधे खाली राहिला. काचेच्या तुकड्यावर मार्किंगचा निळा रंग लावून ओठावर टेकवला तर रंग फक्त सहा ठिकाणी, स्क्रूंच्या भोवती उमटला. मधे सगळीकडे फट. म्हणजे जितकं आवळलं तितकी मधली फट वाढत गेली. फ्लोटच्या फ्लँजचीही तीच गत.

तिसरं, स्क्रूची भोकं आरपार. टाकीच्या आतलं पेट्रोल आट्यांच्या गोल वाटेने वर चढून स्क्रूच्या डोक्याखाली येऊ शकतं. गॅस्केट कितीही उत्तम असलं तरी ही वाट त्याला बंद करता येत नाही. खडूवरच्या ओल्या बांगड्या त्याच्याच. त्यातले दोन स्क्रू मूळचे नव्हते. मूळ आटे इंची मापाचे, दहा नंबर, इंचाला बत्तीस. त्यात कोणीतरी पाच मिलिमीटरचे मेट्रिक स्क्रू घातले होते. दोघांचे आटे जवळजवळ सारख्या अंतराचे, ०.७९४ आणि ०.८ मिलिमीटर, म्हणून जोर लावला की मेट्रिक स्क्रू आत जातो. पण तो जाडीला जास्त, त्यामुळे पातळ पत्र्यातले आटे फाडत जातो. गळणारे दोन स्क्रू नेमके हेच.

चौथं कारण ते कुलूपवालं टोपण, वर सांगितलंच.

पेट्रोलची नळी जिथे टाकीला जोडली जाते त्या ब्रासच्या युनियनलाही टेप गुंडाळलेली होती. तिथून गळत नव्हतं, पण इंजिनपाशी असलेल्या गाडीच्या पेट्रोल पंपाच्या जाळीत त्या टेपचे दोरे सापडले. सर अधूनमधून चढाला गाडी धाप टाकते म्हणत होते, त्याला हे दोरे कारण असू शकतात.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुष्कळ ठिकाणी याच गोष्टीचा घोळ होतो. टाकीच्या जोडांचे तीन प्रकार असतात आणि तिघांत पेट्रोल अडवणारी जागा वेगवेगळी असते. ड्रेन प्लगचे आटे सरळ असतात. तिथे अडवतो तो वॉशर, डोक्याखालचा. आटे फक्त दाब देतात. युनियनमध्ये अडवतो तो शंकूच्या आकाराचा बसका, किंवा नळीवर चढवलेली ब्रासची छोटी रिंग. नट तिला नुसता दाबतो. यांच्या आट्यांवर काहीही गुंडाळून उपयोग शून्य, उलट टेपमुळे नट पूर्ण बसायच्या आधीच घट्ट लागतो आणि बसका अधांतरी राहतो. आट्यांवर लेप लागतो तो फक्त निमुळत्या आट्यांना, जिथे आटेच एकमेकांत रुतून वाट बंद करतात. हातात टेप घेण्याआधी इथे अडवणारी जागा कोणती, एवढं विचारलं तरी निम्मी कामं वाचतात.

काय वापरायचं

नवं गॅस्केट कशाचं, यावर आमच्याकडेच दोन मतं होती. मोठे मेस्त्री म्हणत होते नायट्राइल (तेल-पेट्रोल सहन करणारं रबर) मिसळलेला कॉर्क घेऊया, मऊ असतो, वाकड्या पत्र्यालाही जुळवून घेतो. मला व्हायटॉन हवं होतं, म्हणजे पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्ही सहन करणारं फ्लोरोरबर. भांडत बसण्यापेक्षा बघूनच घेऊ म्हणून काचेच्या बरण्यांत पंपावरचं पेट्रोल घेतलं आणि साधा कॉर्क, सायकलच्या ट्यूबचं रबर, नायट्राइल, नायट्राइल-कॉर्क, वाळवलेला सिलिकॉन आणि व्हायटॉन, प्रत्येकाचा तुकडा व्हर्नियरने मोजून टाकला. टिनाच्या पट्टीवर शेलॅकचा थरही दिला. झाकणं घट्ट लावून बरण्या सावलीत ठेवल्या.

शेलॅकच्या बरणीतलं पेट्रोल तांबूस झालं. ट्यूबचं रबर फुगून वेडंवाकडं झालं. सिलिकॉन फुगला आणि नखाने चोळला तर तुटून येऊ लागला. त्यामुळे इंजिनच्या ऑइल सम्पला चांगली असलेली सिलिकॉनची ट्यूब टाकीला का लावायची नाही, हे आमच्या पोरांना पुन्हा समजवावं लागलं नाही. नायट्राइल थोडं फुगलं पण धरून होतं. नायट्राइल-कॉर्कही त्याच्याच जवळपास. व्हायटॉनच्या मापात आम्हाला फरक सापडला नाही. मोठे मेस्त्री म्हणाले, "व्हय, हेच घालूया. पण मग पत्रा सरळ करून द्यावा लागंल, हे काय कॉर्कागत ऐकून घेत नाही."

ते अगदी खरं होतं. व्हायटॉन कडक, त्याला सपाट जागा लागते. आणि सगळं काम खरं तर तिथेच होतं.

आपल्या गावात एक सोय अशी आहे की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, फाउंड्री आणि हायड्रॉलिकची कामं इतकी चालतात की व्हायटॉनची शीट, ओ-रिंग, सील मागितलं की मिळतं. दोन मिलिमीटरची शीट घेतली. टर्नरकडून तीन मिलिमीटर जाडीची, फ्लँजच्या मापाची पोलादी दाब-रिंग करून घेतली. ही मूळ गाडीत नसते. तिचा उपयोग असा की स्क्रूचा दाब सहा ठिपक्यांवर न पडता सगळ्या गोलावर सारखा पसरतो. दोन स्क्रूंच्या मधला फ्लँज वर उचलायला जागाच राहत नाही. मूळपणाचा आग्रह असलेल्यांना ही रिंग खटकेल. पण ती डिकीच्या तळाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी आहे, आणि काढायची म्हटली तर सहा स्क्रूंत निघते. पेट्रोलच्या बाबतीत मी मूळपणापेक्षा कोरडी टाकी पसंत करतो.

टाकी आतून डिटर्जंटच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन वाळवली. ओठाखाली लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीने पत्रा बसवत आणला, प्रत्येक वेळी काच आणि निळा रंग. गोलभर अखंड निळी रेघ उमटेपर्यंत हे चाललं. घाईचं काम नाही ते. फ्लोटचा फ्लँज काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केला. सहाही भोकांत पाच मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला, टॅपला ग्रीस लावून, म्हणजे कीस टाकीत न पडता ग्रीसमध्ये अडकतो. अंतर जवळजवळ तेच असल्यामुळे उरलेल्या चार भोकांत टॅप सहज गेला आणि फाटलेल्या दोघांतही धरण्याइतके आटे मिळाले.

स्क्रूंच्या डोक्याखाली डाउटी वॉशर, म्हणजे धातूच्या कड्यात आतून रबर बसवलेले, रबर व्हायटॉनचंच. आट्यांतून चढणारं पेट्रोल इथे अडतं. लेप कुठेही लावला नाही. आवळताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आणि गॅस्केटची कड किंचित बाहेर फुगलेली दिसली की थांबायचं.

एक गोष्ट विसरली जाते ती अर्थिंग. फ्लोटची विजेची परतीची वाट त्याच्या फ्लँजमधून, स्क्रूंमधून टाकीच्या पत्र्यात जाते. रबराचं गॅस्केट, रबरी वॉशर आणि वरून रंग असं सगळं केलं की ती वाट बेभरवशाची होते आणि डॅशबोर्डवरचा काटा खोटं सांगू लागतो. म्हणून फ्लँजच्या एका स्क्रूखालून वेगळी तार काढून बॉडीला घासून स्वच्छ केलेल्या जागी जोडली.

ड्रेन प्लगवरची पुट्टी सावकाश काढली. आत तांब्याचा वॉशर नवाच होता. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, म्हणून तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला, मऊ झाला, परत बसवला. हे तापवणं टाकीपासून लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला.

चाचणी

टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारून साबणाचे बुडबुडे बघायची पद्धत सर्रास चालते. ती धोक्याची आहे. टाकीचा वरचा पत्रा साठ बाय पन्नास सेंटीमीटरचा धरला तर अर्ध्या पीएसआयलाच (चौरस इंचाला अर्धा पौंड दाब) त्यावर शंभर किलोच्या आसपास जोर पडतो. कॉम्प्रेसर त्याच्या दोनशेपट दाब देतो. शिवण उकलायला क्षणभर पुरे.

आम्ही गवंड्याची लेव्हल नळी घेतली. यू आकारात भिंतीला बांधली, पाणी भरलं, एक टोक टाकीला, दुसरं उघडं. फिलर नेकला रबरी बूच, युनियनला टोपी. सायकलच्या पंपाने अगदी हळू हवा देऊन दोन बाजूंच्या पाण्यात पस्तीस सेंटीमीटरचा फरक आणला. तो म्हणजे अर्धा पीएसआय. नेकमध्ये पंचवीस सेंटीमीटर पेट्रोल उभं राहिलं तर त्याचा दाब पाण्याच्या साडेअठरा सेंटीमीटरइतका, म्हणजे आपण त्याच्या जवळपास दुपटीने तपासतोय. टाकी उन्हात ठेवून ही चाचणी करू नये. आतली हवा एका अंशाने तापली किंवा निवली तरी बेळगावच्या उंचीवर पाणी सुमारे तीन सेंटीमीटर हलतं आणि गळती नसताना गळती दिसते. सावलीत, टाकी हवेच्या तापमानाला आल्यावर पाणी जिथे होतं तिथेच राहिलं. जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं, एकही बुडबुडा नाही.

टाकी चढवली, छिद्रवालं टोपण बसवलं आणि पुन्हा खडू. सरांनी पेट्रोल भरलं ते मुद्दाम गळ्यापर्यंत, आमच्या सांगण्यावरून, एवढ्या एकाच वेळी. दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या फ्लँजवरचा खडू पांढराच राहिला. त्यानंतर पावसाळाभर गाडी कोल्हापूरला जाऊन येऊन आहे, एकदा खानापूरमार्गे गोव्यालाही गेली. डिकीत वास नाही. पंपावर नोझल पहिल्यांदा बंद पडलं की तिथेच थांबायचं, हे सरांनी पाळलंय.

एक काम अजून राहिलंय. फिलर नेकला टाकीशी जोडणारा जाड रबरी तुकडा जुन्या मापाचा, साध्या रबराचा आहे; आतून तो मऊ पडायला लागलाय. इंजिनपाशी पंपाला जाणारी बारीक नळी आम्ही आर-९ छापाची, आतून फ्लोरोरबर असलेली घातली, ती सहज मिळते. पण नेकच्या मापाची तशी नळी तुकड्याने कोणी देत नाही, अख्खी लांबी घ्यावी लागते. बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूरच्या आणखी काही ॲम्बॅसिडरवाल्यांना विचारणं चालू आहे. चार-पाच जण मिळाले की एक लांबी मागवून वाटून घेऊ. तोवर त्या तुकड्याचे दोन्ही क्लॅम्प नवे केलेत आणि दर महिन्याला सर स्वतः त्यावरून कोरडं फडकं फिरवून फडक्याचा वास घेतात.